कमरेसाठी कायरोप्रॅक्टिक: सहा महिने वापरल्यानंतर

सहा महिने, 9 बैठका आणि रोजचा पंधरा मिनिटांचा व्यायाम, एवढ्यावरून हे लिहितोय. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणक्याच्या सांध्यांना हाताने झटक्याचा दाब देऊन करायचा उपचार. दुखणं जुनं, कमरेत उजवीकडे. दोन तास गाडी चालवली की उठताना सरळ उभं राहता यायचं नाही. नस दबलेली नाही, हे आधी हाडांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात उसण भरली की आधी हाड बसवणाऱ्याकडे जातात. कायरोप्रॅक्टिक म्हणजे तेच, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. ही पद्धत 1895 साली अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी सुरू केली. तिकडे त्यासाठी वेगळी पदवी आणि परवाना लागतो. आपल्याकडे तशी सरकारी नोंदणी परिषद नाही, म्हणून शिक्षण कुठं झालं ते थेट विचारायचं.

कमरेसाठी कुशीवर झोपवतात. वरचा पाय वाकवून त्याचं पाऊल खालच्या गुडघ्यामागे अडकवतात, वरचा खांदा मागे नेतात. कमरेला पुरता पीळ बसला की तळहाताने छोटा, झटक्याचा दाब. ‘कट्’ आवाज येतो. तो मणका जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या वंगणावरचा दाब एकदम उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. त्याच सांध्यात पुढची वीसेक मिनिटं तो पुन्हा येत नाही. त्यामुळे आवाज आला नाही म्हणून आणखी झटके मागू नका. ‘मणका सरकलाय, बसवतो’ ही भाषाही चुकीची आहे. उपचारानं सांधा मोकळा होतो, स्नायू सैल पडतात.

गुण आला का? आला. पण बैठकीनंतर एक दिवस अंग ठणकायचं, मग तीन-चार दिवस आराम. तिसऱ्या महिन्यात व्यायाम पंधरा दिवस सुटला आणि बैठका चालू असूनही दुखणं परतलं. शेवटच्या दोन महिन्यांत एकही बैठक नाही, व्यायाम मात्र रोज, आणि कंबर ठीक आहे. माझ्यापुरता निकाल हाच.

व्यायामातला एक नीट सांगतो. हात-गुडघ्यांवर ओणवे व्हा. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही पाठीच्या रेषेत. दहा सेकंद धरा, मग बाजू बदला, प्रत्येकी सहा वेळा. चूक ठरलेली: पाय फार वर जातो, पोट खाली लोंबतं आणि सगळा भार कमरेच्या मागच्या सांध्यांवर येतो. कमरेवर आडवं लाटणं ठेवा. घरंगळलं की पाय जास्त उचललाय किंवा कंबर तिरकी झालीय.

दुसरं, सकाळचा पहिला तास. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, वाकल्यावर त्यांच्यावर ताण जास्त पडतो. उठल्या उठल्या वाकून पाण्याची घागर उचलू नका. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्यांनी तर थोडं चालून मगच कामाला लागावं.

कमरेचा पट्टा काही आठवडे वापरला, मग सोडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं) नित्याचे उपचार म्हणून नकोत असं म्हटलंय. व्यायाम आणि हाताने केलेले मणक्याचे उपचार मात्र चालतील, असं त्यात आहे.

मानेचा झटका मी घेतला नाही, घेणारही नाही. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कमरेचाही झटका नको. लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

तक्रार एकच. पहिल्याच दिवशी 24 बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ, असा आग्रह झाला. मी एकेका बैठकीचे पैसे दिले. चार-पाच बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढच्या घेऊ नका.