चोडणच्या फेरीत वाचलेलं 'अर्थसी'

बारावी झाल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, मोठी फँटसी मालिका वाचायची आहे. कुठली घेऊ?" तिच्या मनात 'व्हील ऑफ टाइम' होती. तिचे मुख्य भागच 14, आणि लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये वारले, म्हणून शेवटचे तीन ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. मी तिच्या हातात अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ठेवलं. 1968 चं, बारीकसं पुस्तक. या 'अर्थसी' मालिकेची एकूण सहा पुस्तकं, शेवटचं 2001 चं. गोष्ट पुरी झालेली आहे.

मी ते गोव्यात रायबंदर-चोडण फेरीबोटीची वाट पाहताना वाचलं होतं. पुस्तकात बेटंच बेटं, समोर मांडवी नदी. गेड हा शेळ्या राखणारा मुलगा लुटारूंपासून गाव वाचवायला धुकं उभं करतो. डिसेंबरात पहाटे आमचा पलीकडचा काठ असाच नाहीसा होतो, त्यामुळे ते पान मी लगेच पुन्हा वाचलं.

अर्थसीतली सगळी जादू खऱ्या नावात आहे: ज्याचं खरं नाव कळलं, त्याच्यावर सत्ता चालते. दिवेलागणीनंतर आजी आम्हाला सापाला साप म्हणू देत नसे, 'लांबडं' म्हणायचं. म्हणून मला हे समजावून घ्यावं लागलं नाही. गेड गर्वापायी घोर चूक करतो, खचतो, आणि निरोप घेताना त्याचा मित्र वेच आपलं खरं नाव त्याला सांगून टाकतो. एवढा विश्वास! तिथे माझे डोळे भरून आले.

दुसरा भाग, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', भाचीने मध्येच ठेवला. गेड बराच वेळ येतच नाही, नुसतं भुयार आणि अंधार. तिची तक्रार खरी आहे. पण त्या अंधारात टेनारला, तिथल्या तरुण पुजारिणीला, पहिल्यांदा उजेड दिसतो, तिथवर जाच, असं मी तिला सांगितलं. तिसरा मला रुक्ष वाटला. चौथा, 'तेहानू', तिसऱ्यानंतर 18 वर्षांनी, 1990 मध्ये आला. त्यात गेडची शक्ती संपलेली, टेनार मध्यमवयीन, आणि सोबत एक भाजलेली मुलगी. मला तो चाळिशीत भिडला. भाचीला एवढ्यात देणार नाही.

2018 ची चार्ल्स वेस यांच्या चित्रांची एकत्रित आवृत्ती देखणी आहे, पण फेरीत उभ्याने हातात पेलत नाही. सुटे भाग घ्या, आणि नकाशाच्या पानात खूण घालून ठेवा.