वाघोलीच्या धुळीत एअर फिल्टर: एक उन्हाळा कापडी, एक उन्हाळा कागदी

आधी निकाल सांगतो. रोज धुळीच्या रस्त्यावर गाडी असेल, तर महागडा कापडी 'परफॉर्मन्स' फिल्टर घेऊ नका. कंपनीचा अस्सल कागदी फिल्टर घ्या, घरीच बसवा आणि वेळेवर बदला. मी दोन्ही एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर वापरलेत.

गाडी स्विफ्ट, १.२ पेट्रोल. राहायला वाघोली, नोकरी चाकणला. लोणीकंद, तुळापूर, मरकळ, आळंदी असा रोजचा रस्ता. खाणी आणि क्रशरकडून येणारे डंपर, खोदून ठेवलेल्या कडा, त्यावर न मारलेलं पाणी. सकाळी पुसलेली काच संध्याकाळी बोटाने नाव लिहिण्याइतकी भरते. ती धूळ फक्त काचेवर बसत नाही. एक लिटर पेट्रोल जळायला साधारण ११ किलो हवा लागते. म्हणजे पुण्याच्या उंचीवर नऊ-दहा हजार लिटर. टाकी भरून गाडी पळवली की किती हवा इंजिनातून गेली, याचा हिशोब करून बघा. ती सगळी घड्या घातलेल्या त्या एका फिल्टरमधून जाते.

कापडी फिल्टर मी दिवाळीनंतर घेतला, एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा. पाच हजारांच्या वर गेले. आकर्षण दोन गोष्टींचं होतं: धुऊन पुन्हा वापरता येतो आणि पिकअप वाढतो असं म्हणतात. सुती जाळीचे थर, त्यावर लाल तेल, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी. वस्तू म्हणून बांधणी पक्की, त्याबद्दल तक्रार नाही.

पिकअपचं म्हणाल तर शहरात शून्य फरक. कात्रजच्या घाटात गियर खाली आणून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज जरा घोगरा आणि मोकळा येतो, आणि तो ऐकायला छान वाटतो हे मान्य. पण आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही. पेट्रोल गाडीत अर्धवट ॲक्सिलरेटरवर हवा अडवतो तो थ्रॉटलचा पडदा. तोच निम्मा बंद असताना त्याच्या अलीकडे फिल्टर कितीही मोकळा असला तरी उपयोग काय? ॲव्हरेजही तेच, सतरा-अठरा. २००९ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या होत्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेजवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही, कारण हवा कमी झाली की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. फरक पडला तो वेग पकडायला लागणाऱ्या वेळात. म्हणजे 'फिल्टर बदला, पेट्रोल वाचवा' हे कार्बोरेटरच्या, म्हणजे असा कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांच्या जमान्यातलं बोलणं आहे. आपण फिल्टर बदलायचा तो इंजिन झिजू नये म्हणून.

आणि तिथेच माझं मत फिरलं. कापडी फिल्टर बसवून काही महिने झाल्यावर, भर उन्हाळ्यात, मी बोनेटखालचा फिल्टरचा डबा उघडला आणि फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा पाइप आतून पांढऱ्या फडक्याने पुसला. फडक्यावर करडा-तपकिरी पट्टा आला. त्यात फिल्टरच्या तेलाचा अंश असणार, पण चिमटीत चोळल्यावर जी कचकच लागली ती तेलाची नव्हती, दगडाच्या भुकटीची होती. पुढच्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याच रस्त्यावर कागदी फिल्टर चालवला आणि तोच पाइप तसाच पुसला. फडकं जरासं पिवळट झालं, कचकच नाही. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण माझ्या इंजिनापुरती मला पुरेशी आहे. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा थर असतो तो काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाच ते वीस मायक्रॉनचा कण त्यात शिरला की घासकाम सुरू. असा कण डोळ्याला दिसतही नाही, केसाची जाडीच सत्तरच्या आसपास असते.

धुण्याचं प्रकरणही लिहायला हवं, कारण जाहिरातीत ते दोन ओळींत उरकतात. त्याचं वेगळं क्लीनर मारायचं (रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नाही), थोडं थांबायचं, आतल्या स्वच्छ बाजूकडून बाहेर असं हलक्या धारेने पाणी सोडायचं आणि मग सावलीत वाळवायचं. कॉम्प्रेसरची हवा नाही, हेअर ड्रायर नाही. वाळला की घडी-घडीवर तेल, ते मुरायला वेळ. उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं. पावसाळ्यात, जेव्हा आपले कपडेच वाळत नाहीत, तेव्हा गाडी उभी. तेल जास्त झालं आणि तुमच्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल, तर त्याच्या तारेवर तेल बसून रीडिंग बिघडू शकतं. डिझेलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता कागदी फिल्टर. नाना पेठेत पार्ट्सच्या दुकानातल्या काकांनी दोन फिल्टर काउंटरवर शेजारी ठेवले, एक अस्सल, एक निम्म्या किमतीचा. "दादा, किंमत नंतर विचारा, आधी कड दाबून बघा," म्हणाले. अस्सलची कड मऊ, दाबली की परत वर येणारी. दुसऱ्याची टणक, आणि घड्याही नजरेला विरळ. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. कागद कितीही चांगला असला तरी कड डब्यात नीट बसली नाही तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. जुना फिल्टर काढला की त्याच्या कडेवर डब्याच्या धारेचा दाब उमटलेला असतो. तो चारी बाजूंनी सारखा हवा. एखाद्या कोपऱ्यात पुसट असेल तर तिथूनच गळती. अस्सल फिल्टर तीन-चारशेत मिळतो, एवढ्यात कसली काटकसर करायची?

घरी बदलायला हत्यारही लागत नाही. इंजिन बंद आणि गार. बोनेट उघडून डब्याच्या क्लिपा सोडायच्या (काही गाड्यांत स्क्रू असतात), झाकण उचलायचं, फिल्टर सपाट धरून अलगद बाहेर, म्हणजे वरची घाण आत सांडत नाही. लगेच पाइपच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. मग डब्याचा तळ ओल्या कापडाने पुसायचा. माझ्या डब्यात कडुनिंबाची वाळकी पानं, किड्यांचे पंख आणि कोपऱ्यात पिठासारखी करडी धूळ निघते. फुंकर मारू नका, ती उडून नको तिथे जाते. पाइपमधलं फडकं आठवणीने काढायचं, नवीन फिल्टर खाचेत बसवायचा, कडेवरून बोट फिरवायचं, झाकणाच्या मागच्या खुंट्या आधी अडकवून मग क्लिपा. क्लिप जोर लावून बसत असेल तर फिल्टर तिरका आहे, पुन्हा उघडा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो तो एसीचा फिल्टर. त्याची या फिल्टरशी गल्लत करू नका.

सर्व्हिसिंगमध्ये 'क्लीनिंग' म्हणून जोरात हवा मारतात, ते मी आता स्पष्ट नको म्हणून सांगतो आणि जॉब कार्डवर लिहून घेतो. घाणीच्या बाजूने हवा मारली तर धूळ कागदात रुतते, जवळून मारली तर कागद फाटतो. फरशीवर आपटून झटकणंही नको. चांगल्या रस्त्यासाठी कंपनीच्या वेळापत्रकात ४०,००० किलोमीटरवर बदल असतो, धुळीसाठी त्याच्या बराच आधी. मी १५,००० ला बदलतो. त्याहून घाई करण्यात मात्र अर्थ नाही. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक कण अडवतो, आणि डबा सारखा उघडणं म्हणजे धुळीला वाट देणं.

माझा कापडी फिल्टर धुऊन, तेल लावून मावसभावाला दिला. त्याची गाडी याच मॉडेलची, पण राहायला कोथरूड, आणि धावते ती बहुतेक मुंबईच्या द्रुतगती मार्गावर. त्याच्या वापराला तो ठीक आहे, धुवायला वेळ काढेल तोवर.