जुन्या इंग्रजी शब्दांसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश

शेक्सपिअर किंवा 1611चं बायबल मुळातून वाचायचं तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला पर्याय नाही. छोट्या कोशांत वापरातून गेलेले शब्द जागेअभावी गाळतात. इथे एकदा आलेला शब्द सहसा काढत नाहीत. 1989च्या आवृत्तीचे 20 खंड आहेत, तेव्हा ऑनलाइन आवृत्तीच सोयीची.

हा कोश पाहायची रीत मात्र वेगळी. इथे अर्थ इतिहासक्रमाने लावलेले असतात, म्हणजे सर्वांत जुना आधी. घाईत पहिलाच उचलला तर 'नाइस' म्हणजे 'मूर्ख' होऊन बसतं! शेजारी † ही खूण असेल तर वापर लुप्त समजावा. खूण अख्ख्या शब्दाला आहे की एकाच अर्थाला, तेही पाहावं. मग प्रत्येक अर्थाखाली जुन्या लेखनातली अवतरणं असतात, त्यांची सालं बघा. तुमच्या पुस्तकाचं साल ज्या अर्थाच्या सालांत बसतं, तो अर्थ आधी लावून पाहा.

'लेट' (let) घ्या. भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती अडवतात, तेव्हा तो धमकावतो, की मला जो 'लेट' करील त्याचंच भूत करीन. 'जाऊ देणं' हा अर्थ लावला की वाक्य उलटं होतं. 'जाऊ देणं' आणि 'अडवणं' ही मुळात दोन निराळी क्रियापदं. पुढे त्यांचं रूप एक झालं, म्हणून कोशात नोंदीही दोन आहेत. पहिलीच उघडून थांबलात तर फसलात. अडवणारा 'लेट' भारतीय पासपोर्टातल्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'मध्ये आजही छापलेला आहे.

उणीव मोठी आहे ती वर्गणीची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोय आहे का, ते आधी विचारा. शिवाय सुधारणेचं काम अजून चालू असल्यामुळे काही नोंदी शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत. नोंद कधी सुधारली ते तिथेच दिलेलं असतं. जुनी असेल तर शेवटच्या अवतरणाच्या सालावर विसंबू नका.

फुकटात हवा तर जॉन्सनचा 1755चा कोश ऑनलाइन आहे. अठराव्या शतकासाठी उत्तम, पण अवतरणांना सालं नाहीत. जुन्या छपाईतला लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो. शब्द सापडेना तर आधी ते अक्षर बदलून शोधा.