जुन्या गाडीच्या स्टिरिओसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर : वापरानंतरचे मत

जुन्या गाडीतला स्टिरिओ कुरकुरू लागला की बहुतेकदा तो संचच बदलला जातो, आणि दोष वायरिंगमध्ये असेल तर नव्या संचालाही तेच दुखणे जडते. संच बदलण्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणारे उपकरण) हाती घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मी वापरत असलेला मीटर अगदी साधा, ऑटो-रेंज (मोजण्याची पट्टी आपोआप निवडणाऱ्या) प्रकारचा आहे आणि या कामासाठी त्याहून महागड्याची गरज मला भासलेली नाही.

त्याचा खरा कस लागला तो आवाज वाढवताच स्टिरिओ बंद पडून पुन्हा सुरू होण्याच्या तक्रारीत. संच बंद असताना मागच्या पिवळ्या, म्हणजे कायमच्या पुरवठ्याच्या, वायरवर १२.५ व्होल्ट दिसत होते, म्हणजे वरवर पाहता सारे ठीक होते. मग मीटरचा एक प्रोब (मोजणीचे टोक) बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरा संचाच्या काळ्या, अर्थिंगच्या वायरला लावून आवाज वाढवला, तेव्हा जिथे जेमतेम ०.१ व्होल्ट दिसायला हवा तिथे आकडा १.४ पर्यंत चढला. अर्थिंगचा स्क्रू डॅशबोर्डमागे रंग दिलेल्या पत्र्यावर आवळलेला होता आणि त्याच्या रिंगखाली गंज धरला होता. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून रिंग पुन्हा आवळल्यावर आकडा ०.०६ वर आला आणि तक्रार मिटली.

इथेच या उपकरणाची एक मर्यादाही समजून घ्यावी लागते. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असल्यामुळे तो वायरमधून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. परिणामी एखाद्याच तारेवर तग धरून असलेली किंवा गंजलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि प्रत्यक्ष भार पडताच कोसळते. त्यामुळे पुरवठ्याच्या व्होल्टेजचे मोजमाप नेहमी संच चालू ठेवून करावे आणि जोडीला साधा बल्बचा टेस्ट लॅम्प बाळगावा.

बाजारातील बहुतेक संचांत पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याची, लाल वायर चावीबरोबर येणाऱ्या पुरवठ्याची आणि काळी अर्थिंगची असते. मात्र गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग निराळे असू शकतात आणि जुन्या गाडीत आधी कोणी काय जोडले आहे याचा भरवसा नसतो. चावी फिरवत दोन्ही वायरी तपासल्या की कोणती कुठली हे लगेच कळते. त्यांची अदलाबदल झालेली असेल, तर दर वेळी गाडी बंद करताच घड्याळ आणि जुळवून ठेवलेली स्टेशने पुसली जातात.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्टेज पाहावे. ते अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेल्यास अल्टरनेटरच्या (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राच्या) एसीचे डीसी करणाऱ्या डायोडवर संशय घ्यायला जागा आहे. स्वस्त मीटरचा हा आकडा अंदाजापुरताच धरावा. स्पीकर तपासताना मात्र त्याच्या वायरी संचापासून सोडवणे आवश्यक आहे. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ४ ओहमच्या दरम्यान दिसतो आणि त्याच्या कोणत्याही वायरीचा गाडीच्या पत्र्याशी संपर्क असता कामा नये, कारण तसा संपर्क झाल्यास आजच्या बहुतेक संचांचा ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करून घेतो किंवा जळतो.

माझी सर्वांत गंभीर तक्रार करंट मोजण्याच्या सोयीबद्दल आहे. रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर सर्व बंद करून, प्रोब मीटरच्या १० अँपियरच्या खाचेत घालून, बॅटरीच्या ऋण वायरीत मीटर मालिकेत, म्हणजे सगळा प्रवाह त्यातूनच जाईल असा, जोडावा लागतो. थोड्या वेळाने आकडा ५० मिलिअँपियरच्या खाली स्थिरावला नाही, तर एकेक फ्यूज काढून दोषी सर्किट शोधता येते. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करणे तर सोडाच, चावीही फिरवू नये. नंतर प्रोब १० अँपियरच्या खाचेतच राहिला आणि तसाच व्होल्टेज मोजण्यासाठी बॅटरीला लागला, तर थेट शॉर्टसर्किट होते, आणि या मीटरमध्ये त्याबाबत सावध करणारा कोणताही इशारा नाही. निर्मात्याने ही उणीव ठेवायला नको होती.

सोबत मिळालेले प्रोब जाड आहेत, कनेक्टरच्या मागून आत शिरत नाहीत, आणि जोर केल्यास आतली पिन वाकते. बारीक टोकाचे प्रोब आणि मगरचिमटे वेगळे घ्यावेच लागतील.