पाच मिनिटांचा उजेड: चाबीच्या बॅटरीत मी कशी फसले

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. आतल्या भागाला सेल म्हणते. मी आर्णी तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. माझे एकटीचे पैसे गेले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. पण माझ्या शब्दावर सहा जणींनी चाबीच्या बॅटऱ्यांसाठी पैसे दिले होते. त्यातली एक बॅटरी अजून माझ्या हाती परत आलेली नाही, म्हणून हे घाईनं लिहिते आहे.

रात्री-अपरात्री घराबाहेर पडणं आमच्या कामातच आहे. बाळंतपणाचा फोन आला की उठायचं, १०२ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत बाईजवळ थांबायचं. मोबाईलच्या उजेडात चालता येतं, पण तोच मोबाईल कानाला लावायचा असतो. त्याचं चार्जिंग संपलं तर गाडीला रस्ता कोण सांगणार? मोठी बॅटरी नेमकी घाईच्या वेळी सापडत नाही. चाबी मात्र कायम कमरेला असते. आमच्या सिस्टरच्या चाबीला अंगठ्याएवढी, चार्ज होणारी धातूची बॅटरी होती. पांदणीत, म्हणजे वावरांमधल्या वाटेत, पाय कुठे टाकायचा ते तिच्या उजेडात स्वच्छ दिसायचं. तिच्या भावानं ती पुण्याहून आणली होती. तशीच आपल्यालाही हवी, हे माझ्या मनात बसलं.

मोबाईलवर दोनदा शोधलं आणि जाहिराती मागेच लागल्या. एकीत काळ्या रंगाची छोटी बॅटरी होती. तिच्यावरून ट्रक जातो, ती पाण्यात बुडवतात, डोंगराच्या टोकापर्यंत तिचा झोत जातो. खाली लिहिलं होतं: १०,००० लुमेन (हे उजेडाचं माप), ५ किलोमीटर रेंज, ५,००० एमएएच (सेलमध्ये किती चार्जिंग मावतं त्याचं माप), फक्त २९९ रुपये. तीन घेतल्या तर ७९९. पैसे माल हातात आल्यावर. त्या शेवटच्या ओळीवर मी विश्वासले. माल येईपर्यंत पैसे आपल्याच हातात आहेत, मग भीती कसली, असं वाटलं.

मासिक बैठकीत मी ते सगळ्यांना दाखवलं. सहा जणींनी हो म्हटलं, प्रत्येकीनं २७० रुपये दिले. घरच्या तीन धरून नऊ झाल्या. एका ताईला तिच्या भावासाठी हवी होती, तो रात्री वावरात जागलीला, म्हणजे राखणीला, जातो.

आठव्या दिवशी पार्सलवाल्याचा फोन आला, बसस्टँडवर या म्हणून. मी म्हटलं, उघडून पाहते आणि मग पैसे देते. तो म्हणाला, "पैसे आधी, ताई. खोकं उघडू देता येत नाई, मले वरून तसंच सांगतलं हाय." २,३९७ रुपये मोजून दिले. घरी येऊन उघडलं तर जाहिरातीतली धातूची बॅटरी प्लास्टिकची निघाली, वरून रंग दिलेला. खोक्यावर किंमत नाही, कुणी बनवली ते नाही, कुणी बाहेरून आणली ते नाही, महिना-साल नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धवट आणि एक मोबाईल नंबर. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. बंद पाकिटातल्या मालावर हे सगळं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण मी बटण दाबलं आणि पाल गप्प झाली.

कारण उजेड खरंच पडला. अंगणातली तूर भिंतीपर्यंत उजळली. मामाजी म्हणाले, "सूनबाई, हे तं मोटारगाडीच्या लाईटावानी हाय!" दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना वाटल्या आणि जिला तिला बटण दाबून दाखवलं. प्रत्येकीला पाच मिनिटं दाखवली असेल, जास्त नाही. ही फसवणूक अशीच चालते. घेणारा माणूस वस्तू पाच मिनिटंच पाहतो आणि तेवढी पाच मिनिटं ती चोख असते.

चौथ्या रात्री दीडच्या सुमाराला तांड्यावरून फोन आला, पहिलटकरीण, पाणी गेलेलं. हे घरी नव्हते. त्या आठवड्यात थ्री फेजची लाईन रात्रीची होती, चण्याला पाणी द्यायला ते गाडी घेऊन वावरात गेले होते. मी १०२ लावला आणि चालत निघाले. पांदणीनं तांडा सव्वा किलोमीटर आहे. नाल्यापर्यंत उजेड होता. नाला ओलांडला तसा पिवळा पडत गेला आणि पुढच्या शंभर पावलांत काजव्याएवढा राहिला. घड्याळात पाहिलं, घरून निघून बारा मिनिटं झाली होती. मोबाईलवर १९ टक्के चार्जिंग होतं आणि गाडीवाल्याचा फोन कधीही येणार होता.

उजवीकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, काहीतरी सरकलं. रानडुक्कर होतं की घुशी, मला माहीत नाही. घरोघरी मीच सांगत फिरते की मण्यार रात्री फिरते, तिचा चावा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, म्हणून रात्री उजेडाशिवाय पाऊल टाकू नका. ते माझंच सांगणं मला आठवलं आणि पाय उचलेना. तांड्यावरचा मुलगा मोठी बॅटरी घेऊन समोर आला तोपर्यंत मी तिथंच उभी होते, सात-आठ मिनिटं तरी. गाडी वेळेवर आली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पण ती सात-आठ मिनिटं त्या पोरीजवळ मी हवी होते आणि नव्हते.

सकाळी बॅटरी चार्जिंगला लावली. वीस मिनिटांत लालचा हिरवा दिवा झाला. मी म्हटलं, बरी लवकर भरते. पुतण्या यवतमाळला आयटीआय करतो, तो सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "काकू, पाच हजार एमएएच म्हणते न हे? मंग वीस मिनिटांत भरलीच कशी?"

हा प्रश्न मला आधी पडला असता तर! त्याचा हिशेब साधा आहे. चार्जर एका अँपियरचा असला तर तासाला फार तर १,००० एमएएच आत जातात. ५,००० भरायला निदान पाच तास हवेत, आणि छोट्या बॅटऱ्या तर एक अँपियरसुद्धा घेत नाहीत. त्यानं चार्जर आणि वायरच्या मध्ये लावायचं छोटं मीटर आणलं, बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरली. ९४ एमएएच गेले. मग बॅटरी उघडली. आत सुपारीएवढा चपटा पाकीट-सेल, त्यावर एक अक्षर नाही. उरलेल्या जागेत पांढऱ्या सिमेंटसारखा डिंक भरलेला, हाताला वजन लागावं म्हणून.

त्यानं सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलं आहे. मोठ्या बॅटऱ्यांत जो गोल सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, त्यातसुद्धा साधारण साडेतीन हजार एमएएचच बसतात. अंगठ्याएवढ्या चाबीच्या बॅटरीत चांगल्या कंपनीचा सेलही शे-दीडशे ते तीनशेच्या आसपास असतो. म्हणजे चाबीच्या बॅटरीवर ५,००० लिहिलेलं दिसलं की पुढचं वाचायचंच नाही. लुमेनचंही तसंच. आपल्या घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ९०० लुमेनच्या आसपास आकडा असतो. १०,००० म्हणजे तसे अकरा बल्ब. ते कमरेच्या चाबीत कुठून येतील?

पाच किलोमीटरचा आकडा तर आणखी वाईट. बॅटऱ्या मोजायची एक अमेरिकन मोजणी आहे, एएनएसआय एफएल१. चांगल्या कंपन्या तिचं नाव खोक्यावर छापतात. तिच्यात अंतर म्हणजे जिथं पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उजेड उरतो तिथपर्यंतचं अंतर. अंतर दुप्पट हवं तर झोत चौपट तीव्र लागतो. झोताची तीव्रता कँडेलात मोजतात. १०० मीटरला २,५०० कँडेला पुरतात, ५ किलोमीटरला साडेबासष्ट लाख लागतात. त्याच मोजणीत उजेड चालू केल्यावर निदान अर्ध्या मिनिटानं मोजतात, आणि किती वेळ चालली हे धरताना तो मूळच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणून खऱ्या मालावर १५० लुमेन आणि आठ तास असं शेजारी-शेजारी छापलेलं असलं, तरी आठ तास बहुतेक वेळा सगळ्यात मंद उजेडाचे असतात. ही लबाडी नाही, पण विचारून घ्यावं लागतं. चांगल्या बॅटरीत सेल उतरत गेला तरी उजेड बराच वेळ सारखा ठेवणारं सर्किट असतं. आमच्या बॅटरीत एलईडीला सरळ वायर जोडलेली होती, त्यामुळे भरलेल्या सेलवर डोळे दिपत आणि मग घसरण.

तेवढ्यात एका ताईचा फोन आला की तिची बॅटरी चार्जिंगला लावल्यावर फुगली आणि कड उघडली. ती उशाशी, गोधडीवर लावली होती. सेल पूर्ण भरल्यावर चार्जिंग तोडणारा भाग या बॅटऱ्यांत धड नव्हता. लिथियमचा सेल फुगला की तो पुन्हा चार्ज करायचा नाही, टोचायचा नाही, चुलीत तर अजिबात टाकायचा नाही. मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना फोन करून चार्जिंग बंद करायला सांगितलं.

आता माझी दुसरी चूक, तीही लिहिते. खोक्यावरचा नंबर लागेना, म्हणून मी मोबाईलवर कस्टमर केअर असं शोधलं आणि वर आलेल्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. पूर्ण २,३९७ परत मिळतील म्हणाला, एक लिंक पाठवली आणि पैसे घेण्यासाठी पिन टाका म्हणाला. मी पिन टाकला. खात्यातून १,९९९ रुपये गेले, नेमके महिन्याच्या मोबदल्यातले. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. हे मला बँकेतल्या साहेबांनी नंतर सांगितलं. तुम्ही ते आत्ताच घरातल्या सगळ्यांना सांगा. मी तासाभरात १९३० ला फोन करून तक्रार दिली, तिचा नंबर मेसेजवर आला. पैसे अजून आलेले नाहीत. या नंबरवर जितका लवकर फोन जाईल तितकी पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची आशा असते, म्हणून रडत बसू नका, आधी फोन लावा.

बॅटऱ्यांची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर केली, तिथं मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. पण तक्रार कुणावर करू? नाव नाही, गाव नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाईन विकणाऱ्यानं स्वतःचं नाव, पत्ता, तक्रार घेणारा माणूस आणि माल कुठल्या देशातला हे दाखवायलाच हवं. जो हे दाखवत नाही त्याच्याविरुद्ध कायदा असून आपल्या कामाचा राहत नाही. पैसे द्यायच्या आधी हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि ती मी दिली नाहीत.

सहाही जणींचे पैसे मी परत केले. पाच जणींनी घेतले. सहावीनं माझी मूठ मिटवली आणि म्हणाली, "तू का घरी बनवल्या होत्या का वं? ठेव ते पैसे." मला तेव्हा रडू आलं.

गेल्या आठवड्यात यवतमाळला जाऊन दुकानातून एक बॅटरी घेतली. हजारावर गेली. दुकानदाराला आधीच सांगितलं की वीस मिनिटं चालू ठेवून पाहणार. तो हो म्हणाला, मागच्या अंधाऱ्या खोलीत चालू ठेवून मी तिथंच बसले. मधल्या उजेडावर ती वीस मिनिटं तशीच राहिली. पांदणीत चालायला वीस-तीस लुमेन भरपूर होतात, हे मला तिथं कळलं. मोठा आकडा फक्त क्षणभर दूर पाहायला लागतो. थैलीत चुकून दाबली जाऊ नये म्हणून बटणाला लॉक आहे, पावसासाठी आयपीएक्स ७ आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या मोबाईलच्या वायरवरही चार्ज होते. फसव्या बॅटऱ्या जुन्या चपट्या टोकाच्या वायरवरच होत होत्या, कारण चार्जरला ओळख देणारे दोन छोटे भाग, रेझिस्टर, पैसे वाचवायला बसवलेच नव्हते. सेलसाठी लागणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी नंबर खोक्यावर होता, तो पुतण्यानं बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहिला. पक्कं बिल घेतलं. सेल आतच बसवलेला आहे, काही वर्षांनी तो दमला की बॅटरीच बदलावी लागेल, हे दुकानदारानं न विचारता सांगितलं.

नऊपैकी आठ बॅटऱ्या आता अंगणात, घरापासून लांब, वाळू भरलेल्या डब्यात आहेत. नववी त्या ताईच्या भावाकडे आहे, दुसऱ्या तालुक्यात. त्याला मी दोनदा फोन केला. परवाही तो तीच घेऊन जागलीला गेला होता. म्हणाला, "काई नाई होत, ताई. चांगली चालते, पहिले पाच मिनिटं तं लय उजेड पडते."

उद्या सकाळच्या एसटीनं मी त्याच्याकडे जाते आहे.