सीमेवर ई-रीडर: रिकामा होतो का, एवढाच प्रश्न

ई-रीडरचे रिव्ह्यू लिहिले जातात ते पडदा, बॅटरी आणि वजन यांवर. इथे कसोटी वेगळी आहे. तुमच्या संग्रहातल्या एखाद्या पुस्तकावर बंदी असलेल्या देशात तुम्ही दहा दिवसांसाठी निघालात, तर हे यंत्र किती कामाचं? पुस्तक लपवायला निरुपयोगी, पुस्तक घरी ठेवून जायला उत्तम. मात्र 'घरी ठेवून जाणं' वाटतं तितकं सोपं नाही, आणि या एका बाबतीत ॲमेझॉनचं किंडल हे कोबो या दुसऱ्या ब्रँडच्या ई-रीडरपेक्षा बराच जास्त त्रास देतं.

लपवणं निरुपयोगी का, ते आधी. मलेशियात १९८४चा छपाई आणि प्रकाशन कायदा लागू आहे. बंदी असलेलं प्रकाशन सबळ कारणाशिवाय नुसतं जवळ बाळगलं तरी ५,००० रिंगिटपर्यंत दंड होतो. तेच आयात केलं, विकलं किंवा वाटलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, २०,००० रिंगिटपर्यंत दंड किंवा दोन्ही. विमानतळावर बॅगेत सापडलेलं पुस्तक 'बाळगलेलं' की 'आयात केलेलं', यावर तिथे उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही. फाइल म्हणजे पुस्तक नव्हे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑगस्ट २०२३ची गोष्ट लक्षात ठेवावी. तिथल्या गृहखात्याने स्वॉच कंपनीच्या, समलिंगी हक्कांचं चिन्ह असलेल्या इंद्रधनुषी रंगांतल्या घड्याळांवर बंदी घातली ती याच कायद्याखाली. जिथे मनगटी घड्याळ 'प्रकाशन' ठरतं, तिथे ई-रीडरमधल्या फाइलला सूट मिळेल या भरवशावर राहू नये.

थायलंडमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बंदी घातलेलं पुस्तक देशात आणलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ६०,००० बाटपर्यंत दंड, ही एक. राजघराण्याच्या बदनामीचं कलम ११२ ही दुसरी. त्यात प्रत्येक आरोपाला तीन ते पंधरा वर्षं. हे दुसरं कलम पुस्तकापाशी थांबत नाही, त्यातला उतारा पुढे पाठवण्यालाही लागतं. राजाच्या एका बंदी असलेल्या चरित्राचे काही भाग थाई भाषेत आणून इंटरनेटवर टाकल्याबद्दल २०११ मध्ये एका अमेरिकी नागरिकाला तिथे अडीच वर्षांची शिक्षा झाली. ते भाषांतर त्याने अमेरिकेत राहत असताना केलं होतं. ई-रीडरमध्ये अधोरेखित ओळ 'शेअर' करायचं बटण बोटाखालीच असतं, म्हणून हे सांगायचं.

हे सगळं आशियातच घडतं असंही नाही. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवर हल्ला करणाऱ्याचा जाहीरनामा न्यूझीलंडने 'आक्षेपार्ह' ठरवला. त्याची डिजिटल प्रत जाणूनबुजून जवळ ठेवली तर दहा वर्षांपर्यंत कैद. तिथल्या कस्टम्सने कायद्याने यंत्राचा पासवर्ड मागितला आणि तुम्ही विनाकारण नाकारला तर ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड. अभ्यासासाठी उतरवून ठेवलेली पीडीएफ महिनोन्‌महिने 'डाउनलोड्स'मध्ये पडून असते आणि तिची आठवणही राहत नाही. गोची नेमकी तिथे होते.

म्हणून फाइलचं नाव बदलणं, मुखपृष्ठ दुसरं चिकटवणं, 'पाककृती' नावाच्या कलेक्शनमध्ये ढकलणं हे उद्योग करूच नयेत. न बदललेली फाइल सापडली तर 'राहून गेली' असं निदान म्हणता येतं. नाव बदललेली सापडली की ते दारही बंद होतं.

आता मुख्य काम. कुठलं पुस्तक काढायचं, हे कळायला यादी लागते. मलेशियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर बंदी आदेश शोधता येतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरणाच्या नोंदी खुल्या आहेत. रशियाच्या न्याय मंत्रालयाची 'अतिरेकी साहित्या'ची यादी पाच हजार नोंदींच्या पुढे गेली आहे आणि ती रशियनमध्ये आहे, त्यामुळे शीर्षक रशियन लिपीत टाकूनच शोधावं. त्या यादीत 'अतिरेकी' म्हणजे फक्त बॉम्ब आणि बंदुका नव्हेत. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचं बायबल भाषांतर २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने अतिरेकी ठरवलं. इस्कॉनच्या गीताभाष्यावर सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये असाच खटला चालला होता. तो डिसेंबर २०११ मध्ये फेटाळला गेला, नाहीतर तीही पोथी यादीत असती. सिंगापूरमध्ये यहोवाच्या साक्षीदारांच्या प्रकाशनांवर १९७२ पासून बंदी आहे, आणि तिथेही नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे.

शोधताना लेखकाच्या नावाने शोधावं, शीर्षकावर भिस्त ठेवू नये. मूळ पुस्तक, भाषांतर आणि नवी आवृत्ती यांची शीर्षकं वेगळी असतात. चीनमध्ये तर प्रवाशाला पाहता येईल अशी यादीच नाही; समोरचा अधिकारी ठरवेल ते. तिथे पुस्तकापेक्षा नकाशा आधी पकडला जातो. तैवान वेगळ्या रंगात दाखवणारी प्रवासी मार्गदर्शिका जप्त होते, मग तिच्यात उरलेल्या पानांवर फक्त नूडल्सची दुकानं का असेनात. आणि बंदीचा कागद सरकारजवळ तरी असतो का? भारतात १९८८ मध्ये 'द सॅटनिक व्हर्सेस'च्या आयातीवर कस्टम्सच्या अधिसूचनेने बंदी आली. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना कुणालाच सादर करता आली नाही, तेव्हा ती नाहीच असं धरून न्यायालयाने प्रकरण मिटवलं.

किंडलकडे वळू. पुस्तकावर बोट दाबून धरलं की 'रिमूव्ह डाउनलोड' येतं आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. त्याने फाइल जाते, नोंद राहते. लायब्ररीत 'डाउनलोडेड'ऐवजी 'ऑल' निवडलं की मुखपृष्ठासकट पुस्तक पुन्हा दिसतं. ते एका टिचकीवर परत उतरतंही. नोंदच घालवायची तर खात्यातून कायमचं डिलीट करावं लागतं, आणि मग विकत घेतलेलं पुस्तक गेलं ते गेलंच. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक दहा दिवसांच्या प्रवासासाठी गमावणं, हा काही शहाणपणाचा सौदा नाही.

त्याहून वाईट म्हणजे किंडलची स्मरणशक्ती. पुस्तक काढल्यावरही तीन जागी त्याचा माग राहतो. पहिली जागा 'माय क्लिपिंग्ज' नावाची साधी टेक्स्ट फाइल. केबलने संगणकाला जोडून 'डॉक्युमेंट्स' फोल्डर उघडलं की ती दिसते. अधोरेखित केलेली प्रत्येक ओळ, वर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, खाली तारीख आणि वेळ. पुस्तक डिलीट केलं तरी ही फाइल जागची हलत नाही. दुसरी जागा व्होकॅब्युलरी बिल्डर. वाचताना शब्दकोशात पाहिलेला प्रत्येक शब्द तिथे साठतो, आणि एकटा नाही. ज्या वाक्यात तो आला ते अख्खं वाक्य आणि पुस्तकाचं नाव सोबत. बहुतेकांना हे माहीत नसतं, कारण तो मेनू कुणी उघडतच नाही. तिसरी जागा लॉक स्क्रीन. 'डिस्प्ले कव्हर' सुरू असेल तर शेवटचं वाचलेलं मुखपृष्ठ यंत्र झोपलेलं असतानाही पडद्यावर असतं. तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवलेलं यंत्र आपलं काय चाललंय ते स्वतःच सांगत राहतं.

वायफाय सुरू केल्यावर आणखी एक भानगड. आधीच मागणी नोंदवलेलं पुस्तक प्रकाशनाच्या दिवशी आपोआप उतरतं. 'सेंड टू किंडल'ने कुणी पाठवलेली फाइलही तशीच. निघताना स्वच्छ असलेलं यंत्र हॉटेलात पोचल्यावर स्वतःहून भरतं.

तेव्हा एकेक पुस्तक वेचत बसण्यापेक्षा सरळ मार्ग हा: प्रवासासाठी वेगळं खातं. घरीच, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी. प्रथम वायफायवर यंत्र सिंक करा, म्हणजे विकत घेतलेल्या पुस्तकांमधल्या खुणा आणि थांबलेलं पान खात्यावर जातं. बाहेरून घातलेल्या पुस्तकांच्या खुणांवर मात्र विसंबू नका. क्लिपिंग्जची फाइल संगणकावर उतरवून घ्या. २०२४ची आणि पुढची किंडल मॅकला जोडली तर ड्राइव्ह म्हणून दिसत नाहीत, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. विंडोजवर थेट उघडतात. मग डिव्हाइस ऑप्शन्समधून रीसेट. याने पुस्तकं, क्लिपिंग्ज आणि शब्दयादी, सगळं पुसलं जातं. नंतर नव्या खात्यावर नोंदणी आणि प्रवासात वाचायची चार-पाच पुस्तकं. कादंबरीची फाइल सहसा काही एमबीचीच असते, त्यामुळे भरायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो रीसेटनंतरच्या अपडेटमध्ये. विमानतळावरच्या वायफायवर हे करायला जाल तर यंत्र अर्ध्या अपडेटवर अडकेल.

नुसतं 'डीरजिस्टर' केलं, म्हणजे यंत्र खात्यापासून तोडलं, तर पुरत नाही. विकतची पुस्तकं जातात, पण केबलने स्वतः घातलेल्या फाइल तशाच राहतात. नेमकी बंदीवाली पुस्तकं बहुधा याच वर्गातली असतात.

या कामात कोबो उजवं ठरतं. पहिलं कारण, ते ईपब हा ई-पुस्तकांचा सर्वसाधारण फाइल-प्रकार थेट उघडतं, त्यामुळे एखादी फाइल वाचायला खात्यातून फिरवावी लागत नाही. दुसरं, मुखपृष्ठ झाकायची सोय 'एनर्जी सेव्हिंग अँड प्रायव्हसी' अशा नावाखाली सरळ मेनूत आहे. किमान नाव तरी प्रामाणिक. फॅक्टरी रीसेट 'डिव्हाइस इन्फर्मेशन'मध्ये. खुणा, वाचनाची प्रगती हे सगळं दडलेल्या फोल्डरमधल्या एका डेटाबेसमध्ये असतं आणि रीसेटबरोबर जातं. एक जागा मात्र विसरू नका: इन्स्टापेपर ही लेख नंतर वाचायला साठवणारी सेवा जोडलेली असेल तर साठवलेले लेखही यंत्रावर उतरतात. निघण्याआधी स्वतःची पुस्तकं तपासणारा माणूस लेख तपासायचं विसरतो, आणि राजकारणावरचा मजकूर जास्त करून लेखांमध्येच असतो. जुन्या काही कोबोंना मेमरी कार्डाची खाच आहे. नखाएवढं कार्ड आत राहून गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. खाच उघडून बघा.

दोन्ही यंत्रांचं खरं भगदाड यंत्राबाहेर आहे. फोनमध्ये किंडल किंवा कोबोचं ॲप जुन्या खात्यावर तसंच असतं आणि त्यात तीच लायब्ररी मुखपृष्ठांसकट झळकते. ई-रीडर पुसला, फोन राहिला, असं हमखास होतं. ॲपमधून साइन आउट करा किंवा ॲपच काढा. व्हॉट्सॲपची डॉक्युमेंट्स आपोआप उतरत असतील तर तो फोल्डरही पाहा. गटात कुणीतरी 'जरूर वाचा' म्हणत टाकलेली पीडीएफ तुम्ही उघडलीसुद्धा नसेल, तरी ती फोनमध्ये आहे.

छापील पुस्तकाशी तुलना केली तर एका गोष्टीत कागद सरस आहे. त्याचा आवाका एका नजरेत कळतो. बॅगेत तीन पुस्तकं म्हणजे तीनच. शंका असलेलं पुस्तक तपासणीआधी आपणहून कस्टम्सच्या लाल मार्गावर, म्हणजे सामान जाहीर करायच्या रांगेत, दाखवता येतं. फार तर ते जाईल. दाखवलं म्हणून शिक्षा टळेलच असं नाही, पण लपवलं हा आरोप तरी लागत नाही. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती मात्र कधीही नेऊ नयेत, धार्मिक पुस्तकाच्या तर नाहीच. एक प्रत वाचायला असते, पाच वाटायला, असाच हिशोब सगळीकडे लावला जातो. २०१४ मध्ये उत्तर कोरियात एका अमेरिकी पर्यटकाने चोंगजिनमधल्या क्लबात बायबलची एकच प्रत मागे ठेवली आणि काही महिने अटकेत काढले. तिथे एक प्रतही जास्त झाली. 'तिथल्या मित्राला एवढं पुस्तक पोचवा' ही विनंतीही याच पठडीतली. पुस्तक त्याचं असेल, बॅग तुमची आहे.

मधला थांबा हाही दगा देतो. एकाच तिकिटावर विमान बदललं तर सहसा कस्टम्समधून जावं लागत नाही. दोन स्वतंत्र तिकिटं असतील तर सामान घेऊन, बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश झालाच. क्वालालंपूर, सिंगापूर, बँकॉक इथून स्वस्त जोड-उड्डाणं घेणाऱ्यांनी यादी अंतिम ठिकाणाची पाहून भागत नाही, मधल्या शहराचीही पाहावी. विमान रद्द होऊन रात्र काढावी लागली तरी तेच.

नवं यंत्र फक्त याच कारणासाठी घ्यायचं असेल तर कोबोचं सगळ्यात साधं मॉडेल पुरे. किंडल आधीच असेल तर वेगळ्या खात्यावर काम भागतं, दुसरं विकत घेऊ नका. ज्यांच्या संग्रहात बाहेरून घातलेल्या शेकडो फाइल आहेत आणि त्या कुठून आल्या हेही ज्यांना आठवत नाही, त्यांनी यंत्र घरीच ठेवावं. परत आल्यावर पुन्हा रीसेट, जुनं खातं, आणि सिंक होईपर्यंत यंत्र चार्जरवर. सिंक आधी केलं असेल तर पुस्तक सोडलेल्या पानावरच उघडतं. नसेल केलं तर पान हाताने शोधा.