स्पॅनिश भाषकाचं इंग्रजी: आधी स्वर की आधी व्यंजनं?

व्यंजनांच्या चुका चटकन कानाला लागतात. स्पॅनिशमध्ये शब्दाची सुरुवात ‘स्क’, ‘स्प’ने होत नाही, म्हणून ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं. ‘ब’ आणि ‘व्ह’ हा भेदही तिथे नाही. ‘व्हेरी’ आणि ‘बेरी’ एकसारखेच निघतात. ‘थिंक’चा पहिला ध्वनी माद्रिदच्या माणसाला घरचाच, मेक्सिकोच्या माणसाला मात्र नवा. तरीही संदर्भावरून समोरच्याला बहुतेकदा कळतं, आणि उपायही सोपा आहे: आधी ‘स्स्स्’ लांबवायचं, मग ‘कूल’ जोडायचं.

स्वरांचं दुखणं खोलवरचं. स्पॅनिशचे स्वर मोजून 5, इंग्रजीचे त्याच्या दुपटीहून जास्त. ‘शिप’ आणि ‘शीप’ एकाच साच्यात जातात. नुसतं ऱ्हस्व-दीर्घ करून भागत नाही. ‘शिप’साठी जीभ जरा खाली आणि सैल सोडावी लागते. शिवाय आघात नसलेला स्वर इंग्रजीत पुसट होतो. ‘बनाना’त मधलाच ‘आ’ ठळक, पण स्पॅनिश भाषक तिन्ही ठसठशीत उच्चारतो आणि वाक्याची लयच बदलते.

माझा कौल स्वरांना, त्यातही या पुसट स्वराला. ‘एस्कूल’ महिनाभर तसंच राहिलं तरी खुशाल राहू द्या.